पट्ट्यावरचं स्पिंडल

मिलिंग मशीनच्या स्पिंडलचे, म्हणजे फिरत्या दांड्याचे, गिअर असे बोंबलायचे, की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्या गोंगाटाच्या आडून कृष्णात रोज मशीन सुरू करताना मालकाकडे बघून हसायचा आणि त्याला मनसोक्त शिव्या घालायचा. मालकही हसून ओठ हलवायचा. मंत्र पुटपुटत असेल, असं कृष्णातला वाटायचं.

आज कृष्णातने आवाज बंद व्हावा म्हणून ते गिअर काढून स्पिंडल पट्ट्यावर घेतलं होतं, आणि ते तापू नये म्हणून भोवती पाणीही खेळवलं होतं. मालकाने नारळ फोडला. कृष्णातने बटण दाबलं. स्पिंडल फिरू लागलं, पण मशीनने हूं की चूं केलं नाही.

“बघ डोळे फाडून, चिकट मुडद्या!” कृष्णात सवयीने हसत म्हणाला.

“लाग कामाला, ऐतखाऊ रेड्या!” मालकही त्याच क्षणी, तसंच हसत.

पाणी तेवढं झुळझुळत राहिलं.

मालक खाकरला. “जुने गिअर आहेत का रे?”

“आहेत की, मालक. पाना आणतो.”