वहिवाट

वहिवाटीची ती गल्ली वर्षानुवर्षं कुणी वापरत नव्हतं, म्हणून नगरपालिकेने विकून टाकली आणि तिच्यावरच या सासू-सुनेचं घर उभं राहिलं. सासूबाईंनी नातवाचा चाकांचा पाळणा हौसेने मधल्या खोलीत ठेवला.

रोज दुपारी मात्र तो भिंतीवर ढकललेला सापडे. भिंतीचा रंगही उडाला होता.

"सूनबाई, इतका जोरात कशाला ढकलतेस गं?"

"मी? मला वाटलं, तुम्हीच."

"मग चाकांनाच मेल्या पाय फुटले असतील!"

आज सासूबाईंनी चारही चाकांना विटा लावल्या आणि बाळाला निजवून तिथेच बसल्या.

तीनच्या सुमाराला समोरच्या भिंतीतून चपला वाजत आल्या आणि पाळण्यापाशी थांबल्या. त्यांच्यामागे आणखी पावलं येऊन थांबली, मग आणखी. कुणीतरी चिडून खाकरलं.

पाळणा जागचा हलला नाही. झोपलेलं बाळ तेवढं हळूहळू वर उचललं गेलं.