बिनटाचेचा मोजा

मालनबाईने पिशवीतून दोन्ही मोजे काढले आणि नणंदेच्या पुढ्यात फेकले.

"घ्या तुमचे मोजे, आक्का. आमाला नकोत."

बनुबाई खाटेवर बसली होती. कमरेपासून खाली गोधडी पांघरलेली, हातात सुया, मांडीशी लोकरीचा गुंडा. भावजय एसट्या बदलत, थंडीत कुडकुडत श्रीरामपूरहून राजूरला आली, तरी ही बया जागची हलली नव्हती. "ये मालन, बस," एवढंच म्हणाली आणि पाण्यासाठी सुनेला हाक मारली. मालनबाईचं डोकं तिथंच फिरलं होतं.

राग काही आजचा नव्हता. साखरेच्या दुखण्यात पायाची जखम चिघळली आणि आखाडात तिच्या नवऱ्याचा, सहादेवचा, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सगळं आयुष्य एसटी चालवण्यात गेलेला माणूस. त्याला भेटायला डेपोतले आले, त्याच्या सासरचे आले, वर्षानुवर्षं अबोला धरलेले शेजारीसुद्धा आले. आली नाही ती त्याची सख्खी थोरली बहीण. फोन केला की म्हणायची, "कामं हायेत गं, येते सवडीनं." दवाखान्यात दार वाजलं की सहादेव मान वळवून बघायचा. भाऊबीजेला तर तो सकाळपासून नवा सदरा घालून बसला होता. संध्याकाळी त्याने तो स्वतःच्या हाताने काढून ठेवला. मालनबाईला ते बघवलं नव्हतं.

आणि परवा बनुबाईचा मुलगा अजिनाथ टेम्पो घेऊन आला. दारातूनच एक पुडकं दिलं. मामाच्या नजरेला नजर देईना, चहालाही थांबला नाही. पुडक्यात हे मोजे निघाले. दोन! एका पायाच्या माणसाला दोन मोजे!

बनुबाईचा हात विणकामात बसलेला. माहेरी असताना ती मिशनच्या बायकांच्या वर्गात शिकली होती. चार सुयांवर गोल विणायची, टाच अशी वळवायची की मोजा पायाला चिकटून बसावा. पुडक्यातला एक मोजा तसाच होता, देखणा. दुसऱ्याला मात्र टाचच नव्हती. सरळ नळीसारखं विणत नेलेलं आणि टोकाला गोळा करून बंद केलेलं. कंटाळा येऊन कसंतरी उरकावं तसं. सहादेवने ते बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "राहू दे," म्हणाला. त्याचं ते 'राहू दे' मालनबाईच्या काळजात रुतलं होतं.

"थट्टा करायला सख्खा भाऊच घावला का तुमाला?" तिचा आवाज चढला. "दोन मोजे धाडताना हात कसा धजला? त्यातला येक तर धड पुरा बी केला न्हाई!"

"पुरा हाय गं तो." बनुबाईने बिनटाचेचा मोजा उचलला, आत मूठ घालून ताणून दाखवला. "ह्यो पायातला न्हाई. कापल्या जागेवर चढवायचा, मंग वरून नकली पाय घालायचा. नुस्ता घातला की घासतो, कातडं सोलतं. आत लोकर असली की न्हाई घासत. तिथं टाच न्हाई, मंग मोज्याला कशाला घालू?"

नकली पाय घरी कपाटामागे उभा होता. सहादेवने तो घातला, चार पावलं टाकली, कळवळून काढला आणि पुन्हा हात म्हणून लावला नाही. हट्टीपणा करतो म्हणून ती त्यालाच बोलली होती. आता स्वतःचीच चीड आली, आणि तीही बनुबाईवरच निघाली.

"येवढं कळतंय, तर तवा का न्हाई आलात? शुद्धीवर आल्या आल्या त्येंनी 'आक्का आली का' इचारलं. बायकोचं नाव न्हाई घेतलं, तुमचं घेतलं! मोजे इनायला सवड हाय, आन् भावाचं तोंड बघायला न्हाई? आन् माप? न बघता माप कुठनं आनलं?"

पाण्याचा तांब्या घेऊन सून दारात आली होती. "मामी, तसं न्हाई—" ती बोलू लागली.

"तू गप," बनुबाई म्हणाली. तिने सुया बाजूला ठेवल्या. थोडा वेळ गोधडीवर हात फिरवत राहिली, आणि मग गोधडी सारली.

डावा पाय धड होता. उजवा गुडघ्याखाली संपत होता. त्यावर तसलाच बिनटाचेचा मोजा चढवलेला होता, धुऊन धुऊन विटलेला.

"माप माझंच घेतलं," ती म्हणाली. "आमी दोगं येकाच हाडापेराची."

मालनबाई खाटेशी येऊन जमिनीवर बसली.

"कवा झालं ह्ये?"

"सहादू दवाखान्यात हुता तवाच. संगमनेरला. मलाबी साखर हायच की. अजिनाथला शपथ घातली, मामाला कळू द्यायचं न्हाई म्हनून. तो उभा राह्यला की सांगनार हुते."

मालनबाईने बनुबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. रडू फुटत होतं, पण राग अजून गेला नव्हता.

"असं कुनी करतं व्हय, आक्का? येक शब्द कळवायचा हुता. त्ये तसेच पळत आले असते!"

"व्हय," बनुबाई म्हणाली. "पाय न्हाई ह्ये इसरून पळाला असता."