मशीनचं गाऱ्हाणं

पूर्णगडच्या बंद दुकानातून आणलेलं ते व्हिडिओ गेमचं मशीन दुर्मिळ होतं. तसं दुसरं गौरवला कुठेच सापडलं नव्हतं. आज ते चालू करायचंच, असा त्याचा हट्ट होता.

"आधी गाऱ्हाणं," म्हणत आत्मारामकाकांनी मशीनपुढे नारळ ठेवला. "ह्या यंत्राला यश दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" गौरव ओरडला. मशीनमधूनही कोणीतरी ओरडलं.

"स्पीकर झकास बसवलास हो!" काका खूश झाले.

गौरवने हातातल्या स्पीकरकडे पाहिलं. तो अजून बसवायचाच होता. तरी माघार घेईल तो गौरव कसला!

"पुढचं घाला, काका."

"आत कोणी अडकलं असेल, त्याला बाहेर काढ रे महाराजा!"

गौरव मुद्दाम गप्प राहिला.

होकार आला, पण मशीनमधून नाही. त्याच्या मानेमागून.