समोरच्या दारातल्या चपला

समोरच्या दाराशी चपलांचा ढीग, आणि नलिनीच्या दाराशी तिचा स्वतःचा एकच जोड. दोघी समुपदेशक, एकाच जिन्यावरच्या समोरासमोरच्या खोल्यांत बसणाऱ्या. समोरची रेश्मा मुजावर समुपदेशकांच्या संघटनेची सभासद झाली, संघटनेने विमा कंपन्यांशी करार केला आणि तिच्या पेशंटची फी परस्पर भरली जाऊ लागली.

"ताई, तुम्हीही या की," म्हणत तिने अर्जही आणून दिला होता.

"मन मोकळं करायला कंपनीची परवानगी कशाला?" म्हणून नलिनीने तो परत केला. तेव्हापासून समोरचं दार वाजलं, की तिच्या पोटात दुखायचं.

दर गुरुवारी ती कॉलेजात शिकवायला जाई. या गुरुवारी तास रद्द झाला, म्हणून ती इकडे आली आणि ढिगापाशी थबकली. त्यात एक कोल्हापुरी जोड होता. त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा परवाच तिने शिवून आणला होता.

नवऱ्याला कारखान्याकडून मिळालेला विमा संघटनेतल्यांकडेच चालतो, म्हणून आला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. तेवढ्यात आतून त्याचं हसू ऐकू आलं. घरी "बरंय"च्या पुढे न जाणारा माणूस.

आत काय बोललात, हे घरच्यांनी विचारायचं नसतं. हे तीच सगळ्यांना शिकवायची.

तिने त्याच्या चपला उचलल्या, आपल्या दाराशी स्वतःच्या चपला काढून त्यांच्याशेजारी नीट मांडल्या आणि दार उघडं ठेवून आत जाऊन बसली.