हवेची नळी

धाकटा साडू हेल्मेट चढवून तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरच्या तोंडातून आत उतरला आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. दहा वर्षं आत उतरायचा मान थोरल्याचा होता. आज मात्र त्याला वर बसवलं होतं, हवेच्या नळीवर लक्ष ठेवायला!

जड तेलातलं गंधक काढून त्याचं स्वच्छ डिझेल करणारे कॅटॅलिस्टचे दाणे आत तळाशी दगडासारखे जमले होते. ते फोडून उपसायचे होते. वापरलेल्या दाण्यांना हवा लागली की ते पेट घेतात, म्हणून आत सगळा नायट्रोजन भरलेला. माणसाला श्वास मिळायचा तो फक्त वरून येणाऱ्या नळीतून. हवा कमी पडली तर वरच्याला खूण म्हणून कमरेचा दोर ओढायचा.

हे काम धाकट्याला शिकवलं थोरल्यानंच. आता इंजिनिअर उठल्याबसल्या धाकट्याचं नाव घेई. सासरे तर त्याचे गोडवे गाताना थकत नसत. परवा बायकोसुद्धा म्हणाली, "छोटीच्या नवऱ्याकडून शिका जरा काहीतरी." थोरला त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठला होता. इंजिनिअरचे कान भरून यानंच आपला पत्ता कापला, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

नळीला हवा पुरवणाऱ्या सिलिंडरचा काटा खाली घसरू लागला. दुसऱ्या, भरलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताशीच होता.

थोरल्यानं हात नेला आणि मध्येच थांबवला. एकदा तरी दोर ओढू दे की त्याला. एकदा तरी मदत मागू दे. मोठा आलाय शहाणा!

काटा लाल पट्ट्यात शिरला. दोर हलला नाही. थोरल्यानं धडपडत व्हॉल्व्ह फिरवला आणि काटा वर चढेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

तासाभरानं धाकटा वर आला. हेल्मेट काढून त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"मध्ये हवा कमी पडली का रे?" थोरल्यानं नजर चुकवत विचारलं.

"पडली ना. डोळ्यांपुढे अंधारी आली."

"मग दोर का नाही ओढलास?"

"कशाला, दादा? वर तुम्ही होतात. इंजिनिअरसाहेबांना मी आधीच सांगितलं होतं, वर दादा असतील तरच उतरेन."