पाच जणांची धडधड

बैठक सुरू झाली आणि पाचही जणांच्या छातीत एकदमच धडधडायला लागलं. विद्यापीठाच्या नव्या व्यवस्थापन मंडळाला मनगटावर पट्टे बांधूनच बसावं लागे. एकाच्या जिवाची घालमेल त्यातून बाकीच्यांनाही जाणवे.

"कोणाची आहे ही धास्ती?" कुलगुरूंनी विचारलं.

परीक्षा नियंत्रक हेमलता कोठावदे मान खाली घालून बसल्या होत्या. एरवी "सगळं वेळेत होईल" म्हणून त्या मोकळ्या झाल्या असत्या. आज लपायला जागाच नव्हती.

"माझी," त्या म्हणाल्या. "निकाल लांबणार. तपासायला माणसं कमी पडताहेत. मुलांचे पुढचे प्रवेश हुकतील."

आता कोण तोंडसुख घेतं, याची त्या वाट पाहत राहिल्या. पण जी भीती प्रत्येकाच्याच छातीत धडधडत होती, तिच्यावर ओरडणार कोण? बाईंचं ज्यांच्याशी कधीच पटलं नव्हतं, ते वित्ताधिकारी तडवीच आधी बोलले, "निवृत्त प्राध्यापकांना बोलवू. मानधनाचं मी बघतो."

"मी प्रवेशाची मुदत वाढवून मागतो," कुलसचिव म्हणाले. दुपारपर्यंत वाट निघाली.

बाहेर चहा घेताना तडवी जवळ आले. "हायसं वाटलं ना, बाई?"

"हो. पट्ट्यातून कळलं वाटतं?"

तडवींनी बाही वर सारली. मनगट मोकळं होतं.

"पट्टा आतच राहिला, बाई. तुमच्या चेहऱ्यावर दिसलं."