मसुरीचा डबा

कामठ्याच्या गंगाबुढीची दातांची कवळी महिन्यापासून हरवली हाय. तवापासून तिले दोन्ही टाईम सूपच. तिचं बोलनंबी आता धड समजत नाही, म्हनून सासू-सुनेची रोजची भांडनं बंद पडली. घर कसं शांत झालं.

काल सून आचल माहेरी देवरीले गेली, तं मायचा लाडका गजेंद्र पहिल्यांदाच सूप कराले लागला. आलू, गाजर, कांदा चिरला. मसुरीच्या डब्यात हात घातला, तं आचलचा रुमाल हाती लागला. गाठ सोडून पाह्यली, तं आत मायची कवळी!

खाटेवरून बुढी कसंबसं बोलली, "का शोधून राह्यला बाबू? माहे दात भेटले काय?"

गजेंद्रनं गाठ होती तशी बांधली. रुमाल दाळीत खोल दाबला.


"नाही वं माय. सूप होऊन राह्यलं, थांब."